कोपरा कापून फोटो पळवला, आता नाव कुठे टाकू?

इंदूरहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव अर्थातच देत नाही. वय चाळिशीच्या पुढे, घर आणि शिकवण्या सांभाळून फोनवर फोटो काढायचा नाद, आणि नाद म्हणजे चांगलाच नाद, जुने वाडे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या म्हणजे होळकरांची स्मारकं, रात्रीचा सराफा म्हणजे तिथला खाऊबाजार, रंगपंचमीची गेर म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक. यंदाच्या गेरचा राजवाड्यासमोरचा एक फोटो त्यांनी फेसबुक-इंस्टाग्रामवर टाकला, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं. शहरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या पेजने तोच फोटो कोपरा कापून, मधोमध स्वतःचा लोगो ठोकून टाकला, धो धो लाइक आले, ताईंनी खाली कमेंट केली की फोटो माझा आहे तर कमेंटच डिलीट. मग आणखी एका पेजवर अगदी तसाच फोटो दिसला, त्यांच्या मते तोही त्यांचाच. यजमान म्हणतात, आता प्रत्येक फोटोवर आडवंतिडवं मोठं नाव टाक, जुनेसुद्धा सगळे काढून परत टाक. कॉलेजातली मुलगी म्हणते, आई, तसं केलंस तर लग्नाच्या स्टुडिओचं सॅम्पल वाटेल. ताईंनी यजमानांचं ऐकलं आणि त्याच झपाट्यात नणंदेच्या मुलाच्या मुंजीच्या फोटोंवरही नाव गेलं, तर फॅमिली ग्रुपवर नणंदबाईंचा मेसेज आला, "वहिनी, बटू आमचा आणि नाव तुमचं?" तेव्हापासून बोलणं जेवढ्यास तेवढं. त्यांचा प्रश्न असा की वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरच छापलेलं नाव, टाकू की नको, टाकला तर कसा, की हे फोटो टाकणंच बंद करून मोकळी होऊ?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. बंद करू नका. त्या पेजवाल्याला तुमच्या बंद करण्याने काडीचा फरक पडणार नाही, तो उद्या दुसऱ्या कुणाचा उचलेल, आणि जे लोक मनापासून तुमचे फोटो बघतात त्यांना मात्र बिचाऱ्यांना कळणारही नाही की आपलं काय चुकलं.

आता जरा आपण दोघी मिळून तुमचं पत्र परत वाचू. तुम्ही लिहिलंय, "एवढे लाइक आले पण कुणाला कळलंसुद्धा नाही की मी काढलाय." तुमचा सगळ्यात जास्त जळफळाट या वाक्यात आहे. समजा त्याच पेजने तो फोटो तुमचं नाव ठेवून, तुम्हाला टॅग करून टाकला असता तर? मला वाटतं तुम्ही स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवला असतात, नातेवाइकांना पाठवला असतात, आणि त्यात वावगं काहीच नाही. म्हणजे फोटो कुणी घेऊ नये असं तुम्हाला वाटतच नाहीये, फोटोबरोबर नाव जावं एवढंच वाटतंय. आणि तुमचे यजमान जो उपाय सांगतायत, आडवं मोठं नाव, तो फोटो कुणी घेऊच नये म्हणून करायचा असतो. तो उपाय वाईट नाही, पण तो तुमच्या दुखण्यावरचा नाही.

जे लोक फोटो विकतात, लग्नाचे प्रूफ गिऱ्हाइकाला दाखवतात, साड्यांचे फोटो ग्रुपवर टाकून ऑर्डरी घेतात, त्यांना तो मोठा वॉटरमार्क लागतो, कारण तिथे फोटो छान दिसला नाही तरी चालतं, फुकट वापरता आला नाही पाहिजे. तुम्ही विकत नाही. आणि जे फोटो बाहेर जायलाच नकोत, घरातली लहान मुलं, आजारी माणसं, त्यांच्यावर वॉटरमार्क टाकून काहीही साधत नाही, नाव असलं तरी फोटो फिरायचा तो फिरणारच, ते पब्लिकमध्ये टाकूच नयेत, बस.

वॉटरमार्कने चोरी थांबते ही जी समजूत आहे ना, ती आता सोडाच. पूर्वी निदान फोटोशॉप येणारा माणूस लागायचा, आता फोनमध्येच इरेजर येतो, बोट फिरवलं की अक्षरं गायब आणि मागे जे असायला हवं होतं ते फोन स्वतःच्या मनाने भरतो. आणि सगळ्या फोटोंवर एकच मोठा छाप मारायचा हा जो प्लॅन आहे त्याची तर गंमतच आहे. २०१७ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवून दिलं होतं की एकच वॉटरमार्क जसाच्या तसा पुष्कळ फोटोंवर असला तर कंप्युटर ते सगळे फोटो ताडून पाहतो, त्यातलं जे प्रत्येकात सारखं आहे तोच वॉटरमार्क हे ओळखतो आणि सगळ्यांवरून एकदम उतरवतो. म्हणजे जितके जास्त फोटो तितकं त्याचं काम सोपं. दर वेळी नावाच्या आकारात बारीकसा फरक असला तर ते अवघड जातं, असंही त्यांनीच सांगितलं होतं. आता तुमच्या फोटोंसाठी एवढी यातायात कुणी करणार नाही हे खरं, पण सुट्टीचा अख्खा दिवस बसून जुने सगळे फोटो काढून परत टाकायचे आणि त्यांच्यावरचे जुने लाइक-कमेंट घालवून बसायचं, हे यजमानांना म्हणावं राहू दे.

मग टाकायचा कशाला? तर फोटो चोरणारे थोडे असतात आणि नुसते पुढे ढकलणारे खूप असतात म्हणून. तुमचा छत्र्यांचा फोटो कुणीतरी काका उचलतात, त्यावर सुप्रभात लिहितात आणि रोज सकाळी पोह्यांच्या आधी शे-दीडशे लोकांना पाठवतात, त्यांच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना फोटो कुणाचा हे माहीतच नसतं. कॅप्शनमध्ये तुम्ही कितीही छान नाव लिहा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की कॅप्शन मागेच राहतं. फोटोच्या फाइलीच्या आत नाव, तारीख वगैरे भरून ठेवता येतं, पण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तेही काढून टाकतं. फोटोवर लिहिलेलं तेवढं बरोबर जातं. या काकांसाठी, आणि एखादा कॅलेंडर छापणारा खरंच विचारायला येऊ इच्छित असेल तर त्याच्यासाठी, नाव असलेलं बरं.

आता कुठे टाकायचं. कोपऱ्यात टाकू नका, अगदी टोकाला तर नाहीच, कारण वाईट हेतू नसला तरी तो कोपरा जातोच, आडवा फोटो चौकोनी केला की कडा गेल्या, स्टोरीला उभा केला की डावं-उजवं गेलं. मोकळ्या आभाळावरही नको, तिथून पुसणं सगळ्यात सोपं, आणि गेरच्या फोटोत तो वर उडालेला गुलाबी धुरळा असतो ना त्यावरही नको, तोही सपाटच. नाव टाकायचं ते जिथे पुष्कळ बारीकसारीक आहे तिथे, मुख्य गोष्टीच्या शेजारी पण तिच्या अंगावर नाही. तुमच्या त्या फोटोत राजवाड्याच्या झरोख्यांची जी ओळ आहे तिच्या कडेकडेने, लहान, अर्धवट पारदर्शक, पांढऱ्या अक्षरात असतं तर बघणाऱ्याच्या डोळ्यात आलं नसतं आणि कापायला गेलं तर निम्मा राजवाडा गेला असता. पुसायला गेलं तर झरोखे वेडेवाकडे झाले असते, आणि राजवाड्याचे झरोखे वाकडे झालेले इंदूरच्या माणसाला लगेच कळतात. पेजवाल्याला ते नकोच असतं, त्याला दोन मिनिटांत होणारं काम हवं असतं.

स्नॅपसीड हे फोटो एडिट करायचं अ‍ॅप फुकट आहे, त्यात टेक्स्ट घेऊन अक्षराची पारदर्शकता कमी-जास्त करता येते, बाकी शंभर अ‍ॅप आहेत पण जे अ‍ॅप तुमच्या नावाशेजारी स्वतःचं नाव चिकटवतं ते लगेच काढून टाका, कारण आपण एवढा खटाटोप कशासाठी करतोय! आणि हे सगळं कॉपीवर करायचं, मूळ फोटो कोरा ठेवायचा. नावात काय लिहायचं तर साधं नाव आणि हवं तर इंदूर, झालं. मोबाइल नंबर कृपा करून नको. बायकांच्या नंबरचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. इंस्टाग्रामचं हँडलही मी टाळते, ते आपण बदलतो आणि मग जुन्या फोटोवरचा पत्ता कुठेच जात नाही.

मुलीचं म्हणणं मला अर्धं पटतं. मोठा, तिरका, चकाकता वॉटरमार्क दिसायला वाईटच दिसतो आणि फोटो बघायची मजा जाते. पण नाव टाकणं म्हणजेच हलकं, हे तिला कुणी सांगितलं? लाला दीनदयाळ, ज्यांना पुढे निजामाने राजा ही पदवी दिली, ते आपल्या इंदुरातलेच म्हणायचे, जन्म तिकडे मेरठजवळ सरधन्याला पण रुरकीहून शिकून इथे सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, इथेच १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला, महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांचा पाठिंबा मिळाला आणि पुढे देशातले सगळ्यात नावाजलेले फोटोग्राफर झाले. त्यांच्या कितीतरी फोटोंवर खाली नाव आणि नंबर आहे, आणि ते प्रिंटवर नंतर लिहिलेलं नाही, निगेटिव्हवरच घातलेलं, म्हणजे जितक्या प्रती निघतील तितक्यांवर नाव येणारच. आज म्युझियमवाले त्या नावावरून फोटो ओळखतात. बारीक आहे, खाली आहे, फोटोच्या मध्ये लुडबुडत नाही. लेकीला नेटवर शोधून दाखवा, तिला आवडेल.

अजून एक गोष्ट यजमानांना सांगा, कारण त्यांना बंदोबस्त हवाय. फोटो छापला जाऊ नये असं वाटत असेल तर नावापेक्षा साइझ कामाला येते. फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो १३ इंच बाय १० इंच छापता येतो, भिंतीवर लावण्याजोगा. तोच १०८० पिक्सेल रुंदीचा करून टाकला तर साडेतीन इंचाच्या वर नीट छापता येत नाही, आणि मोबाइलवर बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. तेव्हा टाकतानाच लहान करून टाकायचा, मोठी फाइल आपल्याकडे. कुणाला खरंच छापायचा असेल तर तो मागायला येईल, आणि तेव्हा पैसे मागायला लाजू नका, "तुमचं नाव देऊ ना" म्हणून फुकट मागणारे पुष्कळ भेटतील, त्यांना विचारायचं की छापखान्यालाही नावच देणार का.

आता ते दुसरं पेज. इथे ताई, मी तुमच्या बाजूने लगेच उभी राहणार नाही. रंगपंचमीला राजवाड्यासमोर किती फोन वर असतात ते तुम्हीच सांगा, सगळ्यांना तोच टँकर, तोच फवारा, मागे तोच वाडा, आणि चांगला अँगल जो तुम्हाला दिसला तो शेजारच्या गच्चीतल्यालाही दिसणारच. सारखा फोटो म्हणजे तोच फोटो नाही. वाड्याचा फोटो काढायला कायद्याने कुणालाच अडकाठी नाही आणि अँगलवर कुणाचीच मालकी नाही. दोन्ही फोटो मोठे करून बारीक गोष्टी ताडून बघा, कुणाचा हात नेमका कुठवर उचललाय, पाण्याच्या थेंबांची माळ कशी तुटलीय, झेंड्याची घडी, या गोष्टी दोन फोनमध्ये तंतोतंत कधी येत नाहीत. सगळं जुळलं तर तुमचा. नाही जुळलं तर तो कुणा दुसऱ्याचा नाद आहे, त्याच्यावर आळ नको. तोवर त्या पेजला काही लिहूही नका.

पहिल्या पेजचं वेगळं आहे, तिथे तर नाव कापलंय. आधी स्क्रीनशॉट घ्या, पोस्टची लिंक, तारीख, त्यांचा लोगो सगळं दिसेल असा, आणि हे मेसेज करायच्या आधी, कारण मेसेज मिळाला की पोस्ट गायब होऊ शकते. तुमच्याकडचा मूळ फोटो आणि त्याच्या लगेच आधीचे-नंतरचे फोटो डिलीट करू नका, आपण एका क्षणाचे चार-पाच काढतोच ना, ते तुमचे सगळ्यात भक्कम पुरावे, पेजवाल्याकडे फक्त एकच आहे आणि तोही कापलेला. मग कमेंटमध्ये भांडू नका, इनबॉक्समध्ये लिहा, आणि हिंदीतच लिहा, काहीतरी असं: "नमस्ते, गेर का यह फोटो मैंने खींचा है और मेरे अकाउंट पर पहले से पोस्ट है। आपने मेरा नाम काटकर अपना लोगो लगाया है। कृपया दो दिन में मेरे नाम और टैग के साथ सुधारें या हटा दें, नहीं तो मुझे कॉपीराइट की शिकायत करनी पड़ेगी।" यात शिवी नाही, रडणं नाही. पेज चालवणारा पुष्कळदा एखादा पोरगाच असतो आणि त्याला वाटतं नेटवरचं सगळं सगळ्यांचं. चांगलं बोलला तर पुढच्या वेळेसाठी त्याला कोलॅब पोस्टचं विचारा, इंस्टाग्रामवर दोघांची नावं वर येतात, त्याला फोटो मिळतो, तुम्हाला त्याचे बघणारे मिळतात. मला तरी यात तुमचाच फायदा जास्त दिसतो.

नाहीच ऐकलं तर रिपोर्टमध्ये जाऊन कॉपीराइटचा फॉर्म भरायचा, वकील लागत नाही. एवढं मात्र माहीत असू द्या की फॉर्ममध्ये दिलेलं नाव आणि ईमेल समोरच्याकडे जाऊ शकतं, तेव्हा त्यासाठी वेगळा ईमेल काढून घ्या. कायदा तुमच्या बाजूने आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ज्याने फोटो काढला तोच त्याचा कर्ता, कुठे नोंदणी केलेली असायला हवी असं नाही, आणि फेसबुक-इंस्टाग्रामवर टाकल्याने मालकी त्यांच्याकडे जात नाही, त्यांना फक्त वापरायची परवानगी मिळते. २०१२ मध्ये त्यात ६५बी हे कलम आलं, कर्त्याचं नाव किंवा तशी माहिती कुणी जाणूनबुजून, परवानगी न घेता काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे तुमचं ते बारीक नाव अगदीच वाया गेलं नाही, फोटो उचलणं एक आणि नाव कापणं वेगळं. कोर्टात जा असं मी म्हणत नाही, एका फोटोसाठी कोण जातं, पण मेसेजमध्ये हे एक वाक्य घातलं तर उत्तर लवकर येतं.

एक मध्येच आठवलं म्हणून. गेरच्या गर्दीत रंगाने भिजलेल्या पोरी-बायकांचे चेहरे जवळून आलेले असतील तर ते फोटो टाकताना जरा थांबा. तुमच्या नावाची काळजी आपण एवढी करतोय, तर त्यांच्या चेहऱ्याचीही करू.

आणि आता मुंज. इथे कायदा काय म्हणतो ते सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. नणंदेने पैसे देऊन तुम्हाला फोटो काढायला लावले असते तर वेगळं काही ठरलेलं नसताना कॉपीराइट तिचा झाला असता. तुम्ही प्रेमाने फुकट काढलेत, म्हणून तो तुमचा! पण हे तिला सांगायला जाऊ नका हो. तिच्या डोळ्यांसमोर तो लेक आहे, मुंडावळ्या बांधलेला, मातृभोजनाला तिच्या ताटात जेवणारा, पुढे कधीतरी त्याच्या लग्नात हे फोटो लागतील, आणि त्या फोटोवर तिला वहिनीचं नाव दिसतंय. कुणाला आवडेल? गेरचा फोटो तुमच्या नजरेमुळे झाला, तिथे नाव शोभतं. मुंजीत तुम्ही फोटोग्राफर नव्हतात, मामी होतात. घरच्या कार्याच्या फोटोंना नाव नको हा माझा तरी नियम, आणि ज्यांना हौसच असेल त्यांनी निदान आधी विचारावं.

आणि चूक फार मोठी नाही, तुमचा राग पेजवाल्यावरचा होता आणि तो भलत्याच फोटोंवर सांडला एवढंच झालं. मूळ फोटो तुमच्याकडे कोरे आहेत ना, सगळे निवडून नणंदेला एकटीला पाठवा, ग्रुपवर नाही, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ते बारीक करणार नाही आणि तिला अल्बम छापता येईल. अशा मूळ फाइलीत फोटो कुठे काढला ते ठिकाणही जातं, घरात चालतं, पण तीच फाइल अनोळखी माणसाला पाठवताना लोकेशन काढून पाठवायचं हे लक्षात असू द्या. त्यातला एक तिला सगळ्यात आवडेल असा, बहुतेक भिक्षावळीचा असेल, चांगल्या कागदावर प्रिंट करून न्या. मेसेज करून "सॉरी, फोटो पाठवलेत" असं लिहून मोकळ्या होऊ नका, फोन करा, नाहीतर सरळ संध्याकाळी चहाला जा. ग्रुपवर तिने लिहिलं म्हणून तुम्हीही ग्रुपवर उत्तर द्यायला हवं असं काही नाही. विषय तिने काढला तर म्हणा, अगं नाव टाकायचं ते दुसऱ्याच फोटोंवर होतं, घाईत यांच्यावर पण पडलं. आणि तो बटू आता क्रिकेट खेळताना कसा दिसतो याचे दोन फोटो तिथल्या तिथे काढून तिच्याच फोनवर ठेवून या.